इंग्लंडमध्ये बॅरिस्टर गाठण्याआधी: वारसा, घर आणि नोकरीच्या वादांत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

मृत्युपत्रावरून, घराच्या मालकीवरून किंवा नोकरीवरून वाद उभा राहिला की पहिला प्रश्न येतो, 'आपण जिंकू का?' खरं तर त्या प्रश्नाचा नंबर तिसरा. आधी विचारायचं, मुदत कधी संपते. मग विचारायचं, कागद काय सांगतात. या दोन्हींची उत्तरं हाती नसतील तर बॅरिस्टरांची पहिली भेट माहिती गोळा करण्यातच संपते आणि त्या वेळेचे पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात. पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडचा आणि उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा, तिथली न्यायालयंही वेगळी.

दोन प्रकारचे वकील

भारतातला वकील सल्ला देतो, दावा दाखल करतो आणि न्यायालयात उभाही राहतो. इंग्लंडमध्ये ही कामं वाटलेली आहेत. सॉलिसिटर प्रकरण चालवतात: पत्रव्यवहार, दावा दाखल करणं, नोटिसा बजावणं, पैसे सांभाळणं. बॅरिस्टर लेखी मत देतात, दाव्याचा आणि कैफियतीचा मसुदा करतात, युक्तिवाद आणि उलटतपासणी करतात. प्रत्येक बॅरिस्टर चार 'इन'पैकी, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांपैकी, एकाचे सदस्य असतात: लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. डॉ. आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. बहुतेक बॅरिस्टर स्वतंत्र व्यवसाय करतात, पण कार्यालय एकत्र थाटतात. त्याला चेंबर्स म्हणतात. तिथे वेळ देणारे आणि फी ठरवणारे क्लार्क असतात. तुमचा पहिला फोन त्यांनाच जातो.

२००४ पासून सामान्य माणसालाही सॉलिसिटरशिवाय थेट बॅरिस्टर नेमता येतो. त्याला पब्लिक अॅक्सेस किंवा डायरेक्ट अॅक्सेस म्हणतात. त्याची मर्यादा नीट समजून घ्या. ज्यांच्याकडे प्रकरण चालवण्याचा वेगळा परवाना नाही असे बॅरिस्टर तुमच्या वतीने दावा दाखल करत नाहीत, कागद बजावत नाहीत, तज्ज्ञ नेमत नाहीत. तुमचे पैसे सांभाळण्याची तर बॅरिस्टरांना मनाईच आहे. म्हणजे कागदोपत्री तुम्ही स्वतःच पक्षकार असता, न्यायालयाची पत्रं तुमच्या पत्त्यावर येतात आणि शेवटची तारीख चुकली तर ती तुमचीच चूक ठरते. पोस्ट न उघडणारा, कामासाठी सतत बाहेरगावी असणारा किंवा इंग्रजी पत्रव्यवहाराला बिचकणारा माणूस असेल तर थेट बॅरिस्टर नेमणं स्वस्त दिसलं तरी महागात जातं. तिथे सॉलिसिटर घ्यावाच.

पहिली पायरी: मुदतीची तारीख काढा

सगळ्यांत कडक मुदत नोकरीच्या दाव्याची. बडतर्फी, पगारातली कपात, भेदभाव अशा बहुतेक दाव्यांसाठी पारंपरिक मुदत आहे तीन महिन्यांना एक दिवस कमी. १५ मार्चला नोकरी संपली असेल तर शेवटचा दिवस १४ जून. २०२५ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स कायद्यात ही मुदत सहा महिन्यांवर नेण्याची तरतूद आहे, पण त्या कायद्यातले बदल टप्प्याटप्प्याने लागू होतात आणि तुमची घटना कोणत्या तारखेची यावर सगळं ठरतं. नवी मुदत आपल्याला लागू आहे असं लेखी कळेपर्यंत तीन महिनेच धरून चाला.

त्या मुदतीच्या आत 'एकास' या सरकारी समेट संस्थेला कळवणं बंधनकारक आहे. कळवलं की घड्याळ थांबतं. हा समेटाचा काळ १ डिसेंबर २०२५ पासून १२ आठवड्यांपर्यंत असू शकतो. तो संपला की प्रमाणपत्र मिळतं आणि त्याचा क्रमांक दाव्याच्या अर्जात भरावा लागतो. मूळ मुदत संपल्यानंतर एकासला कळवलं तर एक दिवसही वाढून मिळत नाही.

इथे सर्वाधिक होणारी चूक अशी: कंपनीकडे अंतर्गत अपील केलं आहे, त्याचा निकाल आल्यावर बघू. अंतर्गत अपिलाने किंवा तक्रारीने मुदत थांबत नाही. एचआर विभाग गोड शब्दांत 'प्रक्रिया पूर्ण होऊ द्या' म्हणत असतो आणि तोवर जून उलटून जातो. दुसरी चूक नोटीस पिरियडची. नोटिशीच्या काळात काम केलं असेल तर शेवटचा कामाचा दिवस धरतात. नोटिशीऐवजी पैसे देऊन तडकाफडकी काढलं असेल तर काढलं तोच दिवस. ते पैसे किती आठवड्यांचे होते याचा मुदतीशी संबंध नाही. गैरप्रकार उघड केल्यामुळे किंवा युनियनच्या कामामुळे काढलं असेल आणि निकालापर्यंत पगार चालू ठेवण्याचा अंतरिम आदेश हवा असेल, तर मुदत नोकरी संपल्यापासून फक्त ७ दिवस.

वारशाच्या वादात दोन वेगळी घड्याळं चालतात. मृत्युपत्र खरं आहे, पण त्यात आपल्याला पुरेसं दिलेलं नाही, असं म्हणणं असेल तर दावा १९७५ च्या इन्हेरिटन्स कायद्याखाली जातो आणि मुदत प्रोबेट (मृताची मालमत्ता ताब्यात घेऊन वाटण्याचं न्यायालयाचं अधिकारपत्र) मिळाल्याच्या तारखेपासून ६ महिने. मृत्यूच्या तारखेपासून नव्हे. उशीर झाला तर न्यायालयाची परवानगी लागते आणि ती हक्काने मिळत नाही. मृत्युपत्रच खोटं किंवा अवैध आहे असं म्हणणं असेल तर अशी ठरावीक मुदत नाही, पण प्रोबेट निघून पैसे वाटले गेले की ते परत गोळा करणं फार अवघड. म्हणून प्रोबेट निघण्याआधीच हालचाल करायची.

मालमत्तेत सवड जास्त. साध्या कराराच्या भंगासाठी ६ वर्षं, डीड म्हणून, म्हणजे साक्षीदारासमोर सही करून, केलेल्या औपचारिक दस्तासाठी १२ वर्षं. पण नोंदणीकृत जमिनीवर शेजाऱ्याने १० वर्षं कब्जा ठेवला की तो स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज करू शकतो. लँड रजिस्ट्री मालकाला नोटीस पाठवते, तीही नोंदीतल्या पत्त्यावर. घर भाड्याने देऊन भारतात परतलेल्या मालकाचा जुनाच पत्ता नोंदीत राहतो आणि नोटीस भाडेकरूच्या दाराशी पडून राहते. पत्ता बदलणं फुकट आहे, ईमेलही नोंदवता येतो. आज करा.

दुसरी पायरी: कागद लावा

बॅरिस्टर आधी एक पानाचा तारीखवार गोषवारा वाचतात. डावीकडे तारीख, मध्ये काय घडलं, उजवीकडे त्याचा पुरावा कोणत्या पानावर. विशेषणं नकोत. '३ मे, आईने नवीन मृत्युपत्रावर सही केली, पान ४१' एवढं पुरतं. 'भावाने आईला फसवलं' हे तुमचं अनुमान आहे. ते गोषवाऱ्यात गेलं की वाचणाऱ्याचा उरलेल्या ओळींवरचा विश्वास कमी होतो.

सोबत माणसांची यादी द्या. आपल्याकडे काकू, मावशी, आत्या, मामी ही वेगळी नाती. इंग्रजीत सगळ्या 'आंटी'. साक्षीदाराच्या जबाबात तीन 'आंटी' आल्या की न्यायाधीशांचा गोंधळ होतो. म्हणून प्रत्येकीचं पूर्ण नाव आणि मृत व्यक्तीशी नेमकं नातं लिहा. नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण: पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं, लग्नानंतर पतीचं नाव मधलं, बँकेत आद्याक्षरं, मृत्युपत्रात वेगळं स्पेलिंग. ज्या ज्या नावाने खाती आणि मालमत्ता आहेत ती सगळी नावं प्रोबेटच्या अर्जात आधीच नमूद केली नाहीत तर पुढे बँक अडवते.

व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट तुकड्यातुकड्याने देऊ नका. संपूर्ण संभाषण तारीखवेळेसह निर्यात करा. मराठी किंवा रोमन लिपीतल्या मराठी मजकुराचं भाषांतर लागेल आणि ते मागचेपुढचे संदेश धरून करावं. सोयीच्या चार ओळी उचलल्या तर समोरची बाजू उरलेल्या वाचून दाखवते. आणि काहीही पुसू नका. दाव्यात स्वतःच्या विरुद्ध जाणारे कागदही उघड करावे लागतात. पुसलेला संदेश दुसऱ्याच्या फोनवर असतोच, आणि मग वाद संदेशाचा न राहता तुमच्या सचोटीचा होतो.

मूळ कागद कुणालाही देऊ नका, प्रती द्या. मूळ मृत्युपत्राची टाचणी काढून स्कॅन करण्याचा मोह तर हमखास टाळा. टाचणीची भोकं वेगळी दिसली की एखादं पान काढलं होतं का, याचा खुलासा प्रोबेट रजिस्ट्री मागते.

मृत्युपत्राचा वाद

१८३७ च्या विल्स कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मृत्युपत्र लेखी हवं, करणाऱ्याची सही हवी आणि ती सही दोन साक्षीदारांनी एकाच वेळी हजर राहून पाहिलेली हवी. एकाने सकाळी, दुसऱ्याने संध्याकाळी सही केली तर मृत्युपत्र बाद होऊ शकतं. साक्षीदार किंवा त्याचा जोडीदार लाभार्थी असेल तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याला दिलेला वाटा जातो. घरात सून साक्षीदार आणि मुलगा लाभार्थी, हा प्रकार म्हणूनच महागात पडतो.

शंका असेल तर कॅव्हेट, म्हणजे प्रोबेट रोखणारी नोटीस, दाखल करा. फी ३ पौंड, मुदत ६ महिने, वाढवता येते. तोवर प्रोबेट निघत नाही. समोरच्याने 'वॉर्निंग', म्हणजे आक्षेपाचा आधार विचारणारी नोटीस, बजावली तर ती मिळाल्यापासून १४ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर कॅव्हेट उठतो. कॅव्हेट स्वस्त आहे म्हणून दबावासाठी वापरणं हा चुकीचा सल्ला आहे, कितीही जण देत असले तरी. सबळ कारण नसताना अडवून ठेवलं तर खर्च अंगावर येतो. आणि फक्त १९७५ च्या कायद्याखाली वाटा मागायचा असेल तर कॅव्हेटचा उपयोग नाही, कारण तुमचा मृत्युपत्राच्या वैधतेवर आक्षेपच नसतो.

त्यानंतर पुरावा. मृत्युपत्र सॉलिसिटरने केलं असेल तर त्यांना पत्र लिहून विचारता येतं की सूचना कुणी दिल्या, खोलीत कोण होतं, वाचून दाखवलं का, तब्येत कशी वाटली, आधीच्या मृत्युपत्रापेक्षा बदल का केला. अशा पत्राला 'लार्क वि. न्युगस' या निकालाच्या नावाने ओळखतात. सोबत त्या फाइलची प्रत मागायची. वैद्यकीय नोंदी १९९० च्या कायद्याखाली मागता येतात. मानसिक क्षमतेची कसोटी आजही १८७० च्या 'बँक्स वि. गुडफेलो'चीच आहे: आपण काय करतोय, आपल्याकडे साधारण काय आहे, कुणाचा विचार करायला हवा, हे माणसाला कळत होतं का, आणि एखाद्या भ्रमामुळे निर्णय बिघडला का. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं होतं एवढ्यावर मृत्युपत्र पडत नाही. सहीच्या दिवसाची अवस्था महत्त्वाची.

दबाव टाकून लिहून घेतलं, हा आरोप करणं सोपं आणि सिद्ध करणं सगळ्यांत कठीण. वृद्ध आई मुलावर अवलंबून होती, त्याने गाडीतून सॉलिसिटरकडे नेलं, एवढं पुरत नाही. घडलेल्या गोष्टींचा दबावाखेरीज दुसरा अर्थच लागत नाही, इथपर्यंत जावं लागतं. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि मजकूर मराठीत समजावल्याची कुठेही नोंद नाही, अशी स्थिती असेल तर 'तिला मजकूर माहीत होता आणि मान्य होता का' हा मुद्दा मराठी घरांसाठी जास्त ताकदीचा ठरतो. त्यात कुणावर लबाडीचा आरोपही करावा लागत नाही.

दोन गोष्टी आधीच तपासा, कारण त्यावर अख्खं प्रकरण संपू शकतं. एक, १९७५ च्या कायद्याचा दावा मृत व्यक्तीचं 'डोमिसाइल', म्हणजे कायद्याच्या नजरेतलं कायमचं घर, इंग्लंड-वेल्सचं असेल तरच चालतो. ब्रिटिश पासपोर्ट किंवा वीस वर्षांचं वास्तव्य म्हणजे आपोआप डोमिसाइल नव्हे. 'शेवटी पुण्याला परत जायचंय' असं ठामपणे ठरवलेल्या माणसाचं मूळ भारतीय डोमिसाइल टिकलेलं असू शकतं. दोन, इंग्लंडच्या प्रोबेटने भारतातली जमीन किंवा फ्लॅट हलत नाही. तिथला वारसा भारतीय कायद्याने आणि तिथल्या न्यायालयांतच ठरतो.

मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर पती किंवा पत्नीला घरगुती वस्तू, पहिले ३,२२,००० पौंड (२६ जुलै २०२३ पासूनचा आकडा) आणि उरलेल्याचा अर्धा वाटा. बाकीचा अर्धा मुलांना. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला या नियमाने काहीच मिळत नाही. त्याला १९७५ च्या कायद्याकडे जावं लागतं, आणि मृत्यूपूर्वी सलग दोन वर्षं एकाच घरात पती-पत्नीसारखं राहिल्याचं किंवा मृत व्यक्तीवर आपला चरितार्थ अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं.

घराचा वाद

लँड रजिस्ट्रीतून नोंदीची आणि नकाशाची प्रत काढा, डिसेंबर २०२४ पासून प्रत्येकी ७ पौंड. दोन नावं असतील तर पाहायचं की मालकी 'जॉइंट टेनन्ट्स' आहे की 'टेनन्ट्स इन कॉमन'. पहिल्या प्रकारात एक गेला की दुसरा पूर्ण मालक होतो, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. दुसऱ्यात ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा राहतो. एकट्या मालकाला विक्रीची पावती देता येणार नाही असा निर्बंध नोंदीत दिसला तर बहुधा दुसरा प्रकार. पहिल्यातून दुसऱ्यात जायचं असेल तर हयातीतच सहमालकाला लेखी नोटीस द्यावी लागते. मृत्युपत्राने हे होत नाही. भावाभावांनी मिळून घेतलेल्या घरात हे न पाहिल्यामुळे मेलेल्या भावाच्या बायकामुलांना काहीच उरत नाही, असं घडतं.

घर मुलाच्या नावावर आणि सुरुवातीची रक्कम वडिलांनी दिलेली, असा वाद असेल तर सगळ्यात आधी कर्जाच्या फाइलमधलं 'गिफ्ट लेटर' शोधा. कर्ज देणाऱ्या बँका वडिलांकडून लिहून घेतात की ही रक्कम भेट आहे, परत मागणार नाही, घरात हक्क नाही. घाईत केलेली ती सही पुढे हिस्सा मागताना आडवी येते. 'ते फक्त बँकेसाठी होतं' असं म्हणणं म्हणजे बँकेला खोटं सांगितल्याची कबुली. असा कागद आहे हे बॅरिस्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. घर दोघांच्या नावावर असेल आणि मालकी हस्तांतराच्या टीआर-१ अर्जातल्या दहाव्या चौकटीत दोघांचे हिस्से लिहिलेले असतील तर बहुतेक वाद तिथेच संपतो. चौकट कोरी असेल तर दोघांचा समान हेतू काय होता, कुणी काय भरलं, काय बोलणं झालं यावर २००७ च्या 'स्टॅक वि. डाउडेन' आणि २०११ च्या 'जोन्स वि. केर्नॉट' या निकालांच्या अंगाने लढावं लागतं. त्यासाठी बँकेची जुनी विवरणपत्रं लागतात. घर घेताना काम पाहिलेले सॉलिसिटर फाइल काही वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे ती आधी मागवा.

कुंपणाच्या वादाबद्दल स्पष्टच सांगायला हवं: दाव्याचा खर्च त्या पट्टीच्या किमतीच्या कित्येक पट होतो. नकाशावरची लाल रेघ ढोबळ हद्द दाखवते, नेमकी नाही. शहरी नकाशाचं प्रमाण १:१२५० असतं, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर सव्वा मीटर. ती रेघ मोजून शेजाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही. आधी नोंदणीपूर्वीची मूळ खरेदीखतं शोधा, त्यांत मापं असतात. मग भूमापक, मग शेजाऱ्याशी लेखी बोलणी. बॅरिस्टर त्यानंतर.

नोकरीचा वाद

नेमकं काय मागायचं ते आधी ठरवा. अन्यायकारक बडतर्फीच्या दाव्यासाठी आजवर साधारण दोन वर्षांची सलग नोकरी लागत आली. २०२५ च्या कायद्यात ती सहा महिन्यांवर आणण्याची तरतूद आहे. भेदभावाच्या दाव्याला अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून, अगदी मुलाखतीच्या टप्प्यावरही तो करता येतो. जातीवरून छळ झाला असेल तर तोही पूर्णपणे कायद्याबाहेर नाही: २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने 'चांधोक वि. तिर्की' प्रकरणात म्हटलं की जातीची काही रूपं 'वांशिक मूळ' या संज्ञेत बसू शकतात, आणि सरकारने २०१८ मध्ये वेगळी तरतूद न करता याच निकालावर भिस्त ठेवली. दावा मात्र 'जात' एवढंच म्हणून न मांडता कूळ, जन्म आणि वंश यांच्याशी जोडून मांडावा लागतो. हा मसुदा जाणकार बॅरिस्टरांकडूनच करून घ्यावा.

नोकरीचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात दावा दाखल करायला फी नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. हरलात तरी सहसा समोरच्याचा खर्च भरावा लागत नाही, पण जिंकलात तरी तुमच्या बॅरिस्टरांची फी तुमच्याच खिशातून जाते. म्हणून मिळू शकणाऱ्या रकमेचा तक्ता आधी बनवा: गेलेला पगार, पेन्शन, नवी नोकरी लागेपर्यंतचे आठवडे. नवी नोकरी शोधल्याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. अर्ज, नकार, तारखा. ती नसेल तर भरपाई कापली जाते. कंपनीकडे स्वतःबद्दलची माहिती मागण्याचा हक्कही वापरा. उत्तराला साधारण एक महिना असतो.

प्रायोजित व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर गृहखातं सहसा मुक्काम ६० दिवसांवर आणतं. तो प्रश्न इमिग्रेशनच्या वकिलाचा, वेगळा आणि जास्त तातडीचा. देश सोडावा लागला तरी दावा चालू राहू शकतो. मात्र भारतात बसून व्हिडिओवर साक्ष देता येईल असं गृहीत धरू नका. त्या देशाची हरकत नाही हे आधी तपासलं जातं, म्हणून बेत असेल तर न्यायाधिकरणाला लवकर कळवा.

बॅरिस्टर निवडणं आणि फी

बॅरिस्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या बार स्टँडर्ड्स बोर्डाच्या नोंदवहीत नाव टाकून पाहा: सनद चालू आहे का, थेट पक्षकार घेण्याची मुभा आहे का, प्रकरण चालवण्याचा परवाना आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का. त्याआधी घराच्या विम्याची पॉलिसी उघडा. अनेकींत कायदेशीर खर्चाचं संरक्षण असतं, पण यशाची शक्यता निम्म्याहून जास्त आहे असं वकिलाने सांगावं लागतं आणि विमा कंपनीला न कळवता केलेला खर्च सहसा मिळत नाही. युनियनचे सभासद असाल तर तिथेही विचारा.

क्लार्कशी बोलताना फी तासावर न ठरवता कामावर ठरवून घ्या. इतकी पानं वाचून, इतके प्रश्न घेऊन, अमुक तारखेपर्यंत लेखी मत: एवढ्याची एकूण रक्कम किती, त्यात २० टक्के व्हॅट धरला आहे का. पानांचा आकडा खरा सांगा. दीडशे सांगून नऊशे पाठवली की फी बदलते. सुनावणीची फी 'ब्रीफ फी' म्हणून ठरते आणि ती ठरावीक तारखेला देय होते. आदल्या दिवशी तडजोड झाली तर परत मिळेल का, हे पत्रात लिहून घ्या. काम सुरू होण्याआधी करारपत्र येतं. काम काय आहे यापेक्षा काम काय नाही, ही ओळ त्यात नीट वाचा.

विचारायचे प्रश्न चार-पाचच ठेवा. मुदत कधी, कोणत्या कायद्याखाली, कमकुवत दुवा कोणता, कोणता पुरावा अजून हवा, किती रकमेला तडजोड शहाणपणाची. लेखी मत हाती आलं की ते कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटात टाकू नका. वकिलाच्या सल्ल्याला गोपनीयतेचं संरक्षण असतं, ते असं पसरवल्याने जाऊ शकतं.

तडजोड आणि खर्च

'मृत्युपत्राच्या दाव्याचा खर्च इस्टेटीतून निघतो' ही समजूत फार घरांना बुडवते. सर्वसाधारण नियम हाच की हरणारा भरतो. मृत व्यक्तीच्या वागण्यामुळेच वाद उद्भवला असेल किंवा चौकशी करणं रास्त होतं असं ठरलं तरच वेगळा आदेश होतो. दिवाणी न्यायालयात १०,००० ते २,००,००० पौंडांच्या पैशाच्या दाव्याला दाखल फीच ५ टक्के आहे. २०२३ च्या 'चर्चिल वि. मर्थर टिडफिल' निकालापासून न्यायालय पक्षकारांना मध्यस्थीकडे पाठवण्याचा आदेश देऊ शकतं. मध्यस्थीचा प्रस्ताव कारण न देता नाकारला तर जिंकूनही खर्च कापला जाऊ शकतो. 'पार्ट ३६' चा, म्हणजे तडजोडीचा औपचारिक, प्रस्ताव आला तर २१ दिवसांच्या आत बॅरिस्टरांना दाखवा. तो नाकारला आणि निकाल त्याहून चांगला आला नाही तर त्या मुदतीनंतरचा समोरच्याचा खर्च साधारणपणे तुमच्यावर येतो.

साक्ष आणि सुनावणी

दिवाणी न्यायालयात साक्षीदाराचं निवेदन त्याच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेलं असावं लागतं. मराठीच नीट येणाऱ्या आजींचं निवेदन आधी मराठीत, त्यावर त्यांची सही, मग भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणन. नातवाने इंग्रजीत लिहिलं आणि आजींनी सही केली, असं असेल तर उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, 'या शब्दाचा अर्थ सांगा.' तिथे साक्ष कोसळते, मग गोष्ट खरी असली तरी. दुभाषी हवा असेल तर सुनावणीच्या कितीतरी आधी लेखी कळवा. घरचा माणूस दुभाषी म्हणून चालत नाही.

कागदांच्या संचाला सलग पृष्ठक्रमांक द्या आणि पीडीएफचा क्रमांक छापील क्रमांकाशी जुळवा. न्यायाधीश पान २१२ म्हणाले आणि पडद्यावर २०९ दिसलं की दिवसभर वेळ जातो. शपथ गीतेवर घेता येते किंवा धर्मग्रंथाशिवाय प्रतिज्ञा करता येते. प्रश्नाएवढंच उत्तर द्या, आठवत नसेल तर तसं सांगा. साक्ष अर्धवट असताना जेवणाची सुट्टी झाली तर त्या साक्षीबद्दल कुणाशीही बोलायचं नाही, आपल्या बॅरिस्टरांशीसुद्धा नाही.

निकाल तोंडी दिला तर न्यायाधिकरणाकडून लेखी कारणं मागायला १४ दिवस असतात. ती पक्षकारांना पाठवल्याच्या तारखेपासून अपिलाला ४२ दिवस. दिवाणी निकालावर सहसा २१ दिवस. अपील म्हणजे पुन्हा साक्षी घेणं नव्हे, सहसा कायद्याची चूक दाखवावी लागते. त्यासाठी वेगळं लेखी मत घ्या, आणि शक्य असेल तर ते प्रकरण लढलेल्या बॅरिस्टरांऐवजी दुसऱ्यांकडून घ्या.